बॅटरी का उतरली?

शिरूर घोड नदीच्या काठी आहे आणि दौंड भीमेच्या काठी. दोन्ही तालुक्यांत ऊस भरपूर पिकतो. गळिताचा हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या फाटकासमोर उसाच्या ट्रॅक्टरांची लांब रांग लागते. नंबर येईपर्यंत कधी कधी सारी रात्र जाते. इंजिन बंद असते, पण गाणी चालू असतात. पहाटे नंबर येतो. चालक किल्ली फिरवतो आणि नुसता 'टक' असा आवाज होतो. मागचे चालक ओरडू लागतात. दौंड स्टेशनबाहेर उशिरा येणाऱ्या आगगाडीची वाट पाहणाऱ्या जीपगाड्यांचेही कधी असेच होते.

याला मराठीत 'बॅटरी उतरली' असे म्हणतात. हे क्रियापद तुमच्या ओळखीचे आहे. उर्दूत बुखार उतरतो, चेहरा उतरतो. मराठीत ताप उतरतो, चेहरा उतरतो आणि बॅटरीही उतरते.

मोटारीचे इंजिन चालू असताना अल्टरनेटर नावाचे यंत्र वीज तयार करते. त्याच विजेवर दिवे लागतात आणि बॅटरीही भरते. इंजिन बंद झाले की सारा भार एकट्या बॅटरीवर येतो. शिसे आणि गंधकाम्ल यांची ही बॅटरी फ्रान्समधील गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली. आजही बहुतेक मोटारींत तीच जात वापरतात. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर आला. त्यापूर्वी बहुतेक मोटारी हँडल मारून सुरू कराव्या लागत. या स्टार्टरला आपल्याकडे सगळे 'सेल्फ' म्हणतात.

आता थोडे गणित करू. लहान मोटारीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. पुढचे दोन मोठे दिवे आणि मागचे छोटे दिवे मिळून सुमारे १० अँपिअर वीज घेतात. म्हणजे दोन तासांच्या आतच अर्धी बॅटरी संपते. छतातला ५ वॅटचा दिवा अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी घेतो. तो विसरला, तर अर्धी बॅटरी संपायला चाळीस तास लागतात. सेल्फला मात्र काही सेकंदच, पण शंभराहून जास्त अँपिअर लागतात. म्हणून बॅटरी उतरली तरी गाणी वाजत राहतात आणि चालकाला वाटते, बिघाड इंजिनात आहे.

समजा, शिरूरचा एक जीपचालक दौंडच्या गॅरेजमध्ये आला. रोज सकाळी त्याच्या गाडीला धक्का मारावा लागतो.

"उस्ताद, नवी बॅटरी टाका. ही बाद झाली."

"नवी म्हणजे चार-पाच हजार रुपये गेले. ती पण उतरली तर काय कराल? आधी तपासू द्या."

उस्तादांनी बॅटरी पूर्ण भरली, तिच्या तारा काढून ठेवल्या आणि रात्रभर तिला हात लावला नाही. सकाळी मीटर लावला. १२.६ व्होल्ट! भरलेली बॅटरी एवढेच दाखवते. १२.२ आले असते, तर ती निम्मी रिकामी झाली असे समजले असते. म्हणजे बॅटरी स्वतःहून उतरत नव्हती. मग तारा जोडून इंजिन सुरू केले. मीटर १४ व्होल्टवर गेला. अल्टरनेटरही ठीक होता.

"मग चोर गाडीतच आहे," उस्ताद म्हणाले.

त्यांनी इंजिन बंद केले, किल्ली काढली आणि दारे लावली. दहा नंबरच्या पान्याने ऋण टोकाची तार सोडवली. नेहमी हीच तार आधी सोडवतात. धन टोक आधी सोडवताना पाना गाडीच्या लोखंडाला लागला, तर ठिणग्या उडतात आणि बॅटरीजवळचा हायड्रोजन वायू पेट घेऊ शकतो. सुटलेली तार आणि बॅटरी यांच्यामध्ये उस्तादांनी अँपिअर मोजणारा मीटर जोडला. असा मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, नाही तर मीटर जळतो. नव्या मोटारीतले संगणक झोपी जायला अर्धा तासही घेतात, तोवर थांबावे लागते. जुन्या जीपला ती अडचण नाही.

बंद गाडीने ०.०५ अँपिअरपेक्षा कमी वीज घ्यावी. येथे मीटरवर ०.८ आले. उस्ताद एकेक फ्यूज काढून पाहू लागले. दिव्यांचा काढला, आकडा तसाच. हॉर्नचा काढला, तसाच. टेपचा फ्यूज काढताच आकडा शून्याजवळ आला.

टेपला दोन तारा असतात. पिवळी तार थेट बॅटरीला जोडतात, कारण टेपला वेळ आणि स्टेशने लक्षात ठेवायला थोडी वीज सतत लागते. लाल तार किल्लीतून येते. टेप बसवणाऱ्याने दोन्ही तारा बॅटरीलाच जोडल्या होत्या. पडदा काळा दिसे, आवाज बंद असे, पण टेप रात्रभर जागा राही.

"म्हणजे बॅटरी चांगली आहे?" चालकाने विचारले.

"आज आहे. अशीच रोज उतरू दिली, तर शिशाच्या पट्ट्यांवर पांढरा थर बसून कडक होतो. मग ती पुन्हा पूर्ण भरत नाही. तेव्हा मात्र नवीच घ्यावी लागेल."

लाल तार किल्लीच्या तारेला जोडली. मीटरवर ०.०२ आले.

स्वाध्याय
१. सेल्फ लागत नाही, तरी गाणी वाजतात. का?
२. उस्तादांनी बॅटरीच्या तारा रात्रभर का काढून ठेवल्या?
३. ०.८ अँपिअर वीज सतत जात असेल, तर ३५ अँपिअर-तासांची अर्धी बॅटरी किती तासांत संपेल?