पालकसभेचे दोन तास आणि तुमचा धंदा



'गावातल्या शाळेसाठी काहीतरी करायचंय' असं नवीन धंदा टाकणारे बरेच जण म्हणतात. काय करणार, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. २६ जानेवारीला वह्या वाटू, स्नेहसंमेलनाला बक्षिसं देऊ, कमानीवर दुकानाचं नाव टाकू. यात वाईट काही नाही. पण वह्या मुलाच्या हातात पडतात, आणि त्याची आई शाळेत येत नव्हती ती तशीच येत नाही. मूल वाचायला शिकलं का, आठवीनंतर मुलीला पुढं पाठवायचं का, हे प्रश्न घर आणि शाळा एकमेकांशी बोलले तरच सुटतात. हे बोलणं व्हावं म्हणून छोटा धंदेवाला काय करू शकतो, हा आजचा धडा.

उदाहरणाला सास्तूर घेऊ. लोहारा तालुका, धाराशिव जिल्हा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जो भूकंप झाला त्यात किल्लारीचं नाव जगभर गेलं, पण सास्तूरही त्याच पहाटे जमीनदोस्त झालं. नंतर बाहेरून भरपूर मदत आली. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. दुसरीकडं, स्वयं शिक्षण प्रयोगाच्या कामातून या भागातल्या गावांत बायका 'संवाद सहायक' झाल्या. घरदुरुस्तीची सरकारी योजना काय आहे, पैसे कसे मिळतात, भिंत मजबूत कशी करायची, हे त्या घरोघरी सांगायच्या, आणि घरातल्या अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत पोचवायच्या. योजना कागदावर कितीही चांगली असली तरी ती ओळखीच्या माणसाच्या तोंडून कळावी लागते, हे या भागानं तेव्हाच बघितलं.

आता मला सांगा, आज गावात असा ओळखीचा माणूस कोण, ज्याच्याकडं रोज दहा घरची माणसं येऊन जातात? किराणावाला, गिरणीवाला, दूध संकलन केंद्रवाला. म्हणजे तुम्ही.

आधी कायदा समजून घ्या, कारण बहुतेकांना तो माहीत नसतो. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे विनाअनुदानित शाळा सोडून बाकी शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समिती लागते. तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक असायला हवेत आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला. शाळेचं कामकाज बघणं, शाळा विकास आराखडा तयार करणं, आलेल्या अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं ही तिची कामं. म्हणजे पालकाला शाळेत जायचा नुसता मान नाही, अधिकार आहे. मग खुर्च्या रिकाम्या का राहतात?

कारण बैठक दुपारी असते आणि आई रोजगारावर असते. 'पालकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही' असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. ज्या बाईचा दोन तासांसाठी अर्धा रोज बुडतो, तिला महत्त्व कळून काय उपयोग?

इथं तुमचं काम सुरू होतं. समजा, सास्तूरमध्ये तुमचं छोटं शिलाई युनिट आहे. पाच बायका कामाला, त्यातल्या तिघींची मुलं शाळेत. रोज ३०० रुपये, आठ तासांचं काम. महिन्यातून एकदा दोन तास शाळेसाठी भरपगारी सुट्टी दिलीत तर एकीमागं ७५ रुपये, तिघींचे २२५. शाळेचे दहा महिने धरले तर वर्षाला २,२५० रुपये. गणपतीत मंडळाच्या अहवालात जाहिरातीला किती देता, तो आकडा शेजारी लिहून बघा. शिवाय ही सुट्टी तुमच्या हिशेबात मजुरीखाली जाते, वेगळी पावती सांभाळायची नाही. उलट देणगीवर करसवलत मिळवायची तर संस्था त्यासाठी नोंदलेली लागते, २,००० रुपयांच्या वर रोख चालत नाही आणि नव्या करपद्धतीत ती सवलतच नाही.

एक अडचण मात्र नीट सोडवा. शिलाईचं काम बहुतेक ठिकाणी नगावर असतं. नगावर काम करणाऱ्या बाईला 'जा तू बैठकीला' म्हणणं म्हणजे काहीच न देणं. तिच्या मागच्या महिन्याच्या कमाईची तासाची सरासरी काढा आणि दोन तासांचे पैसे त्याच आठवड्यात हातात द्या. आणि हा नियम आधीच सगळ्यांसमोर सांगा. मालकाच्या मर्जीनं मिळणारी सुट्टी मागायला बाई लाजते. नियमाची सुट्टी मागायला लाजत नाही. बापांनाही तीच द्या, नाहीतर शाळा म्हणजे आईचंच काम असं तुम्हीच पक्कं करून टाकाल.

ज्यांच्याकडं कामाला कुणी नाही त्यांनी काय करायचं? स्वतःच्या धंद्यात आधीच काय पडून आहे ते बघायचं.

पिठाच्या गिरणीत बायका डबा लावून थांबतात. तेवढ्या वेळात बैठकीची तारीख तोंडानं सांगता येते. सूचना भिंतीवर लावून थांबू नका, वाचता न येणाऱ्या आजीचाही नातू शाळेत असतो. दूध केंद्रावर सकाळी पुरुष भेटतात, त्यांना तिथं गाठा. सेतू किंवा ऑनलाइन फॉर्मचं दुकान असेल तर तुमच्याइतकं मोलाचं कुणीच नाही. मुलाच्या आधारचे बोटांचे ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षानंतर अद्ययावत करावे लागतात, शिष्यवृत्तीला बँक खातं जोडलेलं लागतं, उत्पन्नाचा दाखला लागतो. हे शाळेला हवं असतं, पालकाला कळत नसतं, आणि शेवटच्या दिवशी तुमच्या दारात रांग लागते. मुख्याध्यापकांशी बोलून वर्गवार दिवस ठरवा. फी तीच घ्या, फुकट करायची गरज नाही. फक्त पालकाची दुसरी चक्कर वाचवा.

कृषी सेवा केंद्रवाल्याचा उपयोग तर वेगळाच. शाळा जूनच्या मध्यात उघडते, तेव्हाच पेरणीची घाई. सोयाबीनची काढणी दसरा-दिवाळीच्या आसपास, तेव्हा गुत्तं घेतलेल्या टोळ्या उजाडायच्या आत रानात. या आठवड्यांत ठेवलेली सभा रिकामीच जाणार. बियाणं कधी उचललं जातंय, मळणी कधी लागणार हे बदलून आलेल्या गुरुजींना नाही कळणार, तुम्हाला कळतं. जाऊन सांगा.

आणि जे पालक गावातच नाहीत त्यांचं? मराठवाड्यातली हजारो कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात, काही पुण्या-मुंबईला कामाला. मुलं मागं राहिली तर आजी-आजोबांकडं किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधारानं. मग पालक म्हणून समोर असते ती आजी. मोबाईल दुकानवाल्यानं महिन्यातून एक संध्याकाळ ठरवली, आजी, नातू आणि गुरुजी एका फोनसमोर बसले आणि पलीकडं फडावरची आई, तर ती खरी पालकभेट. खर्च पाव तासाचा.

आता जिथं माती होते त्या जागा सांगतो.

पहिली उधारी. तुमच्या वहीत ज्याचं नाव आहे तो तुमच्या दुकानावरून मान खाली घालून जातो. पालकांची बैठक तुम्ही तुमच्याच दुकानात भरवलीत तर नेमका तोच येणार नाही. जागा शाळेची किंवा मंदिराच्या ओट्याची ठेवा. आणि शाळेच्या कामाच्या वेळी उधारीचा शब्द काढायचा नाही, चेष्टेतही नाही.

दुसरी, फोन नंबर. सभेच्या निरोपासाठी मिळालेल्या नंबरांवर दिवाळी ऑफर पाठवलीत की संपलं. लोक शाळेचाही ग्रुप सोडतील. मुलांचे फोटो तुमच्या दुकानाच्या स्टेटसला नकोतच.

तिसरी, समिती आणि धंदा यांची सरमिसळ. तुमचं मूल त्या शाळेत असेल तर समितीवर जरूर जा. पण गणवेशाची खरेदी, रंगकाम, दुरुस्ती असे निर्णय समितीसमोर येतात. तुमच्या दुकानाचा दर त्यात असेल तर ते आधी सांगा, त्या विषयाला उठून बाहेर बसा आणि तसं इतिवृत्तात लिहायला लावा. दर सगळ्यांत कमी असला तरी. गाव लहान असतं, चर्चा मोठी असते.

यातून गिऱ्हाईक किती वाढेल, असं कमेंटमध्ये हमखास विचारलं जातं. मी आकडा देणार नाही. एवढं सांगतो की नवीन धंद्यात शिकवून तयार केलेली कारागीर सोडून जाणं हा सगळ्यांत महाग खर्च असतो, आणि मुलाच्या शाळेची वेळ पाळू देणारी जागा बाई सहज सोडत नाही. विक्री वाढवायचीच असेल तर त्यासाठी दुसरे धडे आहेत, ते बघा. शाळेला त्यात ओढू नका.

या आठवड्याचा गृहपाठ. वहीचं एक पान घ्या. डावीकडं तुमच्याकडं काम करणाऱ्यांपैकी कुणाकुणाची मुलं कितवीत आहेत ते लिहा. नाव माहीत नसेल तर विचारा. उजवीकडं तुमच्या दुकानात लोक सगळ्यांत जास्त थांबतात तो दिवस आणि ती वेळ लिहा. ते पान घेऊन जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जा आणि मुख्याध्यापकांना एवढंच विचारा: पुढची समितीची बैठक कधी आहे, आणि मागच्या बैठकीला किती आया आल्या होत्या? वह्यांचा गठ्ठा सोबत नेऊ नका. काय उत्तर मिळालं ते कमेंटमध्ये लिहा, शाळेचं नाव न घेता.