नळी ओढतात कशी? इव्हॅपोरेटरच्या नळ्यांची थोडी ओळख



गाळप हंगाम संपला की कारखान्यात ओव्हरहॉलिंग सुरू होते. त्या दिवसांत शेअरच्या नाहीतर बिलाच्या कामाला आलेले सभासद बॉयलिंग हाऊसकडे चक्कर मारतात आणि तिथे रचलेल्या नळ्यांच्या मोळ्या बघून हमखास विचारतात, "साहेब, नळी म्हणजे नळी. बाजारात पाइप मिळतोच की. ह्याला एवढा पैसा कशाला?" प्रश्न रास्त आहे, पैसा सभासदांचाच आहे. मी शेती खात्याचा माणूस, यंत्राचा नव्हे. तरी इंजिनिअरिंग खात्याकडून जे समजून घेतले ते आपल्या भाषेत सांगतो.

इव्हॅपोरेटरमध्ये रस नळीच्या आतून वर चढतो आणि वाफ नळीच्या बाहेरून असते. रस आणि वाफ यांच्यामध्ये आडवी असते ती फक्त नळीची भिंत. नळीचा व्यास साधारण ४५ मिलिमीटर, लांबी दोन मीटरच्या आसपास आणि भिंत जेमतेम एक ते दीड मिलिमीटर. अशा नळ्या एकेका बॉडीत हजारांच्या हिशेबात असतात. भिंत जाड केली तर उष्णता नीट जात नाही, फार पातळ केली तर टिकत नाही. आणि एक जरी नळी फुटली तरी रस वाफेच्या पाण्यात उतरण्याची भीती. तेच पाणी पुढे बॉयलरला जाते. बॉयलरमध्ये साखर गेली की तिचे आम्ल होते, पाणी फेसाळते, नळ्यांवर काजळी धरते. वेळ आली तर बॉयलर बंद, मिल बंद, आणि यार्डात तुमच्या उसाच्या गाड्या उभ्या. उभ्या गाडीतला ऊस वाळून वजनाला किती मार खातो हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता नळी होते कशी ते पाहू. पितळेचा गोल ठोकळा तापवून प्रेसमध्ये घालतात आणि मधल्या दांड्याभोवतून दाबून बाहेर काढतात. आपल्याकडे सोऱ्यातून शेव पडते तशीच, फक्त ही शेव पोकळ. पोलादाच्या नळीची तऱ्हा वेगळी. तापलेला गोल दांडा दोन तिरप्या रोलांमध्ये फिरवून त्याच्या पोटात भोक पाडायचे, ही युक्ती जर्मनीतल्या रेमशाइड गावच्या मानेसमान बंधूंनी १८८५-८६ च्या सुमारास काढली. बिनजोड पोलादी नळीचे कारखाने पुढे आपल्या भागातही, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि बारामती येथे उभे राहिले. पण गरम निघालेली नळी ओबडधोबड असते. पृष्ठभागावर खपली, भिंत कुठे जाड कुठे पातळ. तिला मापात आणायचे काम पुढचे, त्यालाच कोल्ड ड्रॉइंग म्हणतात, म्हणजे थंड ओढ.

सोनार तार कशी ओढतो ते बघितले असेल. भोकाभोकांची पोलादी पट्टी असते, जंतर म्हणतात ती. मोठ्या भोकातून, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान. नळीचे तत्त्व हेच. आधी नळीचे एक टोक ठोकून निमुळते करतात. मग तिला तेजाबाच्या हौदात बुडवून खपली काढतात, धुतात आणि साबणाचा किंवा तेलाचा हात देतात. पोलादाच्या नळीला त्याआधी फॉस्फेटचा थर देतात, म्हणजे साबण धरून राहतो. हे वंगण चुकले तर नळीवर लांबच्या लांब ओरखडे पडतात आणि ती भंगारात जाते. मग निमुळते टोक डायच्या भोकातून पुढे काढायचे. डाय अत्यंत कठीण अशा टंगस्टन कार्बाइडचा. नळीच्या आत, नेमका डायच्या तोंडाशी, लांब सळईवर एक गुळगुळीत प्लग धरलेला असतो. पलीकडे साखळीवर चालणारी गाडी ते टोक जबड्यात पकडते आणि ओढते. बाहेरचे माप डाय ठरवतो, आतले माप प्लग, आणि मधल्या फटीतून जेवढी भिंत निघेल तेवढीच निघते.

हिशेब करून बघा. बाहेरून ६० मि.मी. आणि ४ मि.मी. जाडीची पाच मीटर नळी एका ओढीत ५० मि.मी. आणि साडेतीन मि.मी.वर आणली, तर धातू कुठे जात नाही, लांबी वाढते. ती नळी सुमारे ६ मीटर ८८ सेंटिमीटर भरते. आडव्या छेदातला धातू २७ टक्के कमी झाला. एका ओढीत साधारण एवढेच, फार तर तिसरा हिस्सा घेता येतो. कारण उघड आहे. ओढण्याचा सगळा भार डायच्या बाहेर आलेल्या बारीक नळीवर असतो. जास्त हाव धरली की ती तिथेच तुटते.

मग बारीक झालेली नळी जाड नळीला ओढून आणते तरी कशी? इथेच थंड ओढीची खरी गंमत आहे. पुण्याच्या तांबट आळीत हंड्याला ठोके देतात ते नुसत्या नक्षीसाठी नव्हे. थंड तांबे ठोकले की ताठ होते. डायमधून आलेली नळी तशीच ताठ होते आणि मागच्या मऊ नळीला खेचते. पण दोन-चार ओढींनंतर ताठपणा इतका वाढतो की पुढे ओढावे तर चिरते. म्हणून मध्ये भट्टीत घालून मऊ करायचे. पितळ त्यासाठी साधारण ६०० अंशांच्या आसपास तापवतात. परत तेजाब, परत साबण, परत ओढ. नळी महाग का, त्याचे उत्तर या फेऱ्यांमध्ये आहे. गरम नळीला हे माप आणि ही सफाई येत नाही. माप सारखे नसेल तर नळी ट्यूबप्लेटमध्ये एक्सपांडरने फुलवताना कुठे सैल बसते, कुठे फाटते.

आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. ओढलेल्या नळीच्या अंगात ताण कोंडलेला राहतो. अशी नळी लांबीवर चिरली तर फट आपोआप उघडते. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातल्या लष्कराच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात भेगा पडत. काडतुसाचे पितळही थंडच ओढलेले. पुष्कळ काळ लोक याला हंगामाचा दोष समजत. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडा केला. पावसाळ्यात काडतुसे घोड्यांच्या तबेल्यात ठेवत, तिथे मुताचा अमोनिया. अमोनिया, ओल आणि अंगातला ताण एकत्र आले की पितळ तडकते. तिन्हीपैकी एक काढले तरी धोका टळतो.

हे आपल्या कामाचे का, तर उसाचा रस चुन्याबरोबर तापला की त्यातूनही थोडा अमोनिया वाफेत निघतो. बॉडीच्या वरच्या अंगाला वायू बाहेर सोडण्याच्या बारीक नळ्या असतात त्या याचसाठी मोकळ्या ठेवायच्या. आणि पितळी नळी घेताना शेवटच्या ओढीनंतर तिला २५० ते ३०० अंशांवर तापवून ताण काढला आहे की नाही, हे विचारायचे. एवढ्या उष्णतेने नळीची ताकद फारशी जात नाही, ताण मात्र निघतो. दोन पुरवठादारांच्या दरात तफावत दिसली तर आधी इथे बघावे, असे माझे मत. स्वस्त नळी आणि स्वस्त बेणे यांची जात एकच.

अलीकडे पुष्कळ कारखान्यांत पितळ जाऊन स्टेनलेस स्टीलच्या नळ्या आल्या आहेत. त्यांना अमोनियाची भीती नाही. त्यात पट्टी वळवून सांधलेल्याही असतात. चांगल्या सांध्याची नळी वाईट मुळीच नाही. मात्र सांधा आतून साफ असला पाहिजे, नाहीतर तिथे खवली आधी धरते.

तुमच्या वस्तीवरही थंड ओढीचा माल आहे. ट्रॉली उचलणाऱ्या जॅकचे सिलिंडर, डिझेल इंजिनाच्या पंपापासून नोझलपर्यंतची बारीक नळी, ही त्याचीच उदाहरणे. ती इंजिनाची नळी वाकली म्हणून ठोकून सरळ करू नये, बदलावी. आणि फवारणी पंपाचा पितळी दांडा किंवा पितळी कॉक पावसाळ्यात गोठ्यात अथवा युरियाच्या पोत्यांजवळ टांगून ठेवू नका. धुऊन, पुसून, कोरड्या खोलीत ठेवा. तडा बहुधा आट्याजवळ नाहीतर वाकवलेल्या जागी येतो, तिथे नख फिरवून बघावे.