आघात आणि दुरावा

मानसशास्त्रात आघात म्हणजे केवळ मोठे दुःख नव्हे. दुःखात माणूस रडतो, आधार शोधतो. आघातात मन बधिर होते. असह्य अनुभव जाणिवेपासून तुटून वेगळा पडतो. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी १८८९ साली या क्रियेला विघटन म्हटले.

आपल्या मराठवाड्याचेच उदाहरण घेऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. दगडमातीच्या भिंती व माळवदे अंगावर कोसळून हजारो माणसे गेली. माझी आजी त्यातून वाचली. ती सांगते, "महिनाभर डोळ्यातून टिपूस आलं नाही. दुसऱ्याच्याच घरी झाल्यागत वाटायचं."

ही बधिरता प्रथम जीव सावरते. परंतु भीतीबरोबर ती मायाही गोठवते. माणूस आधी स्वतःला आणि मग घरच्यांना परका होतो. त्यात पुनर्वसनाच्या नव्या गावात रुंद रस्ते व सुटी घरे आली. आजीचा गल्लीतला शेजार विखुरला. मन मोकळे करायला ओटा उरला नाही.

अशा वेळी आपण "झालं ते विसर" म्हणतो. हेतू चांगला असला, तरी समोरच्याचे तोंड त्याने बंद होते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे, की आघातातून सावरणे माणसांच्या सहवासातच शक्य होते. म्हणून घरातली वडीलधारी माणसे आपणहून बोलू लागली, तर हातचे काम ठेवून ऐकावे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. या शिक्षणाचा घरच्यांना एवढा तरी उपयोग व्हावा.