कूलर बंद झाल्यावर

नागपुरात मार्च ते जून घराघरात कूलर चालतो. त्याच्या घरघरीत दारावरची बेलसुद्धा ऐकू येत नाही, मग शेजारच्या माणसाचं घोरणं कुठून येणार? पावसाळ्यात हवा दमट झाली की कूलर बंद होतो, दिवाळीनंतर पंखाही बंद होतो, आणि मग बंद खिडक्यांच्या खोलीत तो आवाज एकटाच उरतो. माझी कितीतरी वर्षं या ऋतुचक्रात गेली. आमचे हे घोरतात. रागापासून काळजीपर्यंत आणि काळजीपासून उपचारापर्यंत जाताना जे शिकले ते लिहिते आहे. ज्यांच्या घरी आज हेच चाललं आहे, त्यांना यातलं काहीतरी उपयोगी पडेल.

१. आवाज किती मोठा, यापेक्षा तो मध्येच थांबतो का ते ऐका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणून हेच पहिलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट अरुंद होते, आणि टाळूचा मागचा मऊ भाग व पडजीभ हवेच्या झोताने थरथरतात. तो झाला घोरण्याचा आवाज. पण काही जणांत ती वाट पूर्णच मिटते. छाती हलते, पोट हलतं, हवा मात्र आत जात नाही. दहा सेकंद, कधी वीस, कधी त्याहून जास्त. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून किंचित जागा होतो, माणूस गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेतो आणि पुन्हा घोरू लागतो. सकाळी त्याला यातलं काहीही आठवत नाही. याला डॉक्टर स्लीप ॲप्निया म्हणतात.

मी अंधारात पडून मनातल्या मनात आकडे मोजायची. आवाज थांबला की इतर कुणाला बरं वाटेल, मला धडकी भरायची. शेजारच्या काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘‘गाढ झोप लागते मणून घोरते माणूस, त्यात काय एवढं!’’ आपल्याकडे बहुतेकांचा हाच समज आहे, आणि तो धोक्याचा आहे. असं घोरणाऱ्याची झोप रात्रभर तुटत असते. सकाळी डोकं जड, दुपारी डुलक्या, रात्री लघवीला दोन-तीनदा उठणं, गोळ्या घेऊनही न उतरणारा रक्तदाब, ही सगळी त्याचीच चिन्हं असू शकतात. झोपलेल्याला हे कळत नाही. जागं राहणाऱ्यालाच कळतं, आणि म्हणून डॉक्टरांपुढे आपण बोललंच पाहिजे.

२. रात्री दोन वाजता हा विषय काढू नये.

त्या वेळी तोंडातून निघतं ते लागेल असंच निघतं. खांद्याला हात लावून ‘‘अहो, कुशीवर व्हा,’’ एवढंच म्हणावं. बाकीचं सकाळच्या चहानंतर, आणि पाहुण्यांसमोर तर कधीच नाही. घोरणारा माणूस ओशाळलेला असतो. आमचे हे मुंबईला जाताना विदर्भ एक्स्प्रेसमध्ये रात्र-रात्र बसून काढायचे, डब्यातल्या लोकांची झोप मोडू नये म्हणून. मला ते फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर माझा अर्धा राग तिथेच गेला.

३. फोनवर रेकॉर्ड करा. पण डॉक्टरसाठी, चारचौघांत ऐकवायला नाही.

‘‘मी झोपलोच नव्हतो’’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. रेकॉर्डिंग ऐकल्यावर ते बंद होतं. यांनी स्वतःचा अडकलेला श्वास ऐकला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्याच सुमारास, १५ फेब्रुवारी २०२२ ला, संगीतकार बप्पी लाहिरी गेले आणि त्यांच्या डॉक्टरांनी कारण सांगितलं तेही याच आजाराचं. डॉक्टरकडे जायची तयारी तेव्हा झाली.

४. घरगुती उपाय आधी करावेत. त्यातले दोन-तीन खरंच लागू पडतात.

उताणं झोपलं की जीभ मागे पडते, म्हणून कुशीवर झोपणं हा सर्वांत स्वस्त उपाय. मी यांच्या बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घातला होता. उताणं होताच टोचतो, माणूस आपोआप वळतो. साधं घोरणं असेल तर याने बराच फरक पडतो.

दुसरी गोष्ट रात्रीच्या जेवणाची. आमच्या गावात सावजीचा रस्सा खायचा तर रात्री दहालाच, आणि सोबत अनेकांचा ग्लासही असतो. दारूने घसा आणखी सैल पडतो, त्या रात्रीचं घोरणं वेगळंच असतं. झोपेच्या काही गोळ्यांचंही तसंच, म्हणून त्या मनाने घेऊ नयेत. आम्ही जेवण आठवर आणलं. वजन घटवणं हा सगळ्यांत टिकाऊ उपाय, पण तो सावकाश फळतो. मानेभोवतीची चरबी श्वासाची वाट दाबते, त्यामुळे डॉक्टर गळ्याचा घेरही टेपने मोजतात. चाळीस सेंटिमीटरच्या वर गेला की ते जास्त चौकशी करतात.

नाक चोंदलेलं असेल तर तोंडाने श्वास घेतला जातो आणि घोरणं वाढतं. कूलरच्या जुन्या ताट्यांची धूळ बाधणारे इथे पुष्कळ आहेत. दर उन्हाळ्यात ताट्या बदला, टाकी धुवा.

नाकाला लावायच्या क्लिपा, जाहिरातीतले काढे, तोंडावर चिकटवायच्या पट्ट्या यांवर आमचे पैसे गेले. श्वास थांबत असेल तर तोंडाला पट्टी लावू नका.

५. तपासणीला घाबरण्यासारखं काही नाही.

कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरकडे जावं. आपल्याकडे मेडिकल कॉलेजचा श्वसनरोग विभाग आहे, मिहानमध्ये एम्स आहे, खासगी दवाखाने तर रामदासपेठ-धंतोलीत ओळीने आहेत. एक रात्र बोटाला, छातीला, नाकाला सेन्सर लावून झोपायचं. तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा मंदावला, तो आकडा येतो. ५ च्या आत असेल तर ठीक, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. आमचा आकडा तिसाच्या बराच पुढे होता. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी आधी ‘‘वय झालं की घोरणारच’’ म्हणून परत पाठवलं होतं. असं कुणी म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा.

६. मशीनला महिनाभर सवड द्या.

डॉक्टरांनी यांना सीपॅप नावाचं यंत्र लावायला सांगितलं. ते ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी १९८१ मध्ये जगापुढे मांडलं. नाकावरच्या मास्कमधून हवेचा हलका दाब येत राहतो आणि घशाची वाट उघडी ठेवतो. तत्त्व एवढंच. यांना पहिले काही दिवस कोंडल्यासारखं झालं, नाकाच्या कडेला लाल वळ उठले. मास्कचा आकार बदलला आणि बरंच सुसह्य झालं. यंत्र महाग असतं, म्हणून आधी भाड्याने आणून पाहावं. मास्क रोज धुवावा, यंत्राच्या टाकीत डिस्टिल्ड पाणी घालावं.

उन्हाळ्यात अवकाळी वादळ आलं की आमच्याकडे वीज जाते. इन्व्हर्टरवर यंत्र चालतं, पण पाणी गरम करणारा हीटरच जास्त वीज खातो. तो बंद ठेवला तर बॅटरी बराच वेळ पुरते. हे आम्हाला दुकानदाराने नाही, दुसऱ्या एका रुग्णाच्या बायकोने सांगितलं. अशा बायकांशी बोलत राहा.

७. उपचार होईपर्यंत त्यांना समृद्धी महामार्गावर गाडी चालवू देऊ नका.

याबाबत मी हट्टी आहे. नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटर, सरळ रस्ता, ताशी १२० ची मुभा, सिग्नल नाही, वळण क्वचित. ज्याची झोप रोज रात्री तुटते, त्याचे डोळे तिथे मिटणारच. डॉक्टर एपवर्थ नावाची आठ प्रश्नांची यादी देतात: वाचताना डुलकी लागते का, दुपारी आडवं झाल्यावर, गाडीत तासभर नुसतं बसल्यावर? प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज दहाच्या वर गेली तर चावी आपल्याकडे घ्या. मी घेतली होती. यांना ते आवडलं नाही. तरी घेतली, आणि यंत्राची सवय होऊन दुपारच्या डुलक्या थांबेपर्यंत दिली नाही.

८. वेगळ्या खोलीत झोपण्यात संसार मोडत नाही.

लोक काय म्हणतील, म्हणून कितीतरी बायका वर्षानुवर्षं जागून काढतात आणि सकाळी सहाला डबा करायला उठतात. त्यांचाही रक्तदाब वाढतो, त्यांचीही चिडचिड होते. आपली झोप ही चैन नाही. मी काही महिने मुलीच्या खोलीत झोपले. पण आधी तपासणी करून घेतली, मगच. श्वास अडकणाऱ्या माणसाला निदानाआधीच एकटं झोपवलं, तर ऐकणारं कुणी उरत नाही.

९. बायकाही घोरतात.

हे घरात कुणी बोलत नाही. नवरे लाजेखातर गप्प बसतात, बायका तर कबूलच करत नाहीत. पाळी गेल्यानंतर हा आजार बायकांतही वाढतो, आणि त्यांच्यात तो घोरण्यापेक्षा थकवा, डोकेदुखी, झोप न लागणं अशा रूपात दिसतो. मग त्यांना रक्तवाढीच्या आणि झोपेच्या गोळ्या मिळत राहतात. ज्या एकट्या झोपतात, त्यांचा श्वास ऐकायला तर शेजारी कुणीच नसतं. माझ्या नणंदेचं तसंच झालं होतं. भाऊजी गेल्यापासून ती सतत दमलेली असायची आणि सगळे म्हणायचे, दुःखाने खचली आहे. आमच्याकडे राहायला आली तेव्हा मी तिच्या खोलीत अंथरूण टाकलं, आणि मला तोच ओळखीचा खंड ऐकू आला. आता तिच्याकडेही यंत्र आहे. तुमच्या घरात एकटी झोपणारी आई, सासू, आत्या असेल, तर एखादी रात्र तिच्या खोलीत काढा.