संदेष्ट्यांचें वेड

आमच्या बालवाचकांस आम्ही आरंभींच एक प्रश्न विचारतों. तुमच्या गांवांतील एखादा कुलीन व विद्वान गृहस्थ एके दिवशीं मातीच्या विटेवर शहराचें चित्र काढूं लागला, त्या विटेभोंवतीं चिमुकले मोर्चे उभारूं लागला, आणि पुढें महिनेच्या महिने रोज एकाच कुशीवर पडून राहूं लागला, तर तुम्ही काय म्हणाल? ‘यांचें डोकें फिरलें’ असेंच म्हणाल. आणि तुमचे वडील तुम्हांस त्या घराच्या वाटेनें जाऊं नका म्हणून बजावतील. यहेज्केल संदेष्ट्याविषयीं त्याच्या शेजाऱ्यांस असेंच कांहीं वाटलें असलें पाहिजे.

इ. स. पूर्व ५९७ मध्यें बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजानें यरुशलेमेंतील राजास व त्याच्याबरोबर पुष्कळ लोकांस बंदिवान करून नेलें. त्यांत यहेज्केल हा याजक होता. खबार नदीच्या प्रदेशांत तेल-अबीब येथें या लोकांची वस्ती होती. यरुशलेमेस देवाचें मंदिर आहे तोंवर त्या नगरास धक्का लागणें शक्य नाहीं व आपण थोडक्याच दिवसांत घरीं परत जाऊं, अशी आशा त्यांच्यांत पसरली होती. ही आशा खोटी आहे हें सांगण्याचें अप्रिय काम यहेज्केलाकडे आलें. नुसत्या शब्दांस ते लोक बधणारे नव्हते. म्हणून त्यानें वीट घेतली, तिजवर यरुशलेमेचा नकाशा काढला, भोंवतीं बुरूज, बांध व छावण्या मांडल्या, आणि आपण व ती वीट यांच्यामध्यें लोखंडी तवा भिंतीसारखा उभा केला. ३९० दिवस डाव्या कुशीवर व ४० दिवस उजव्या कुशीवर पडून इस्राएल व यहूदा यांच्या अपराधांचा हिशेब, एका वर्षास एक दिवस याप्रमाणें, त्यानें लोकांपुढें मांडला. गहूं, जव, मसूर वगैरे धान्यें एकत्र करून केलेली भाकर तो रोज वीस शेकेल वजनाचीच खाई. आपल्या जुन्या मापानें हें वजन पावशेराच्या आसपास भरतें. वेढा पडलेल्या नगरांत माणूस कसा जगतो हें त्यानें स्वतःच्या पोटावरून दाखविलें.

यहेज्केल एकटाच असा नव्हता. इ. स. पूर्व ७११ च्या सुमारास अश्शूरचा राजा सार्गोन याच्या सैन्यानें अश्दोद शहर घेतलें. त्या काळीं यहूदांतील मुत्सद्दी मिसर देशाच्या मदतीवर भिस्त ठेवूं पाहत होते. राजांस सल्ला देणारा यशया तेव्हां तीन वर्षें उघड्या अंगानें व अनवाणी हिंडला. ज्यांचा आधार तुम्ही धरितां, त्यांसच शत्रु असें नागवून नेईल, हा त्या हिंडण्याचा अर्थ होता. यिर्मयानें आपल्या मानेवर बैलाचें जूं घातलें. लोकांनीं या मंडळीस काय म्हटलें हेंही शास्त्रांत लपवून ठेविलेलें नाहीं. येहूकडे आलेल्या एका तरुण संदेष्ट्यास सरदारांनीं वेडा म्हटलें. आणि यिर्मयासारख्या वेड्यांस खोड्यांत कां घालीत नाहीं, अशी विचारणा करणारें पत्र बाबेलाहून यरुशलेमेच्या याजकास आलें.

मग हें खरोखर वेड होतें काय? नीट पाहिलें असतां तीन गोष्टी ध्यानांत येतात.

पहिली गोष्ट ही कीं, त्यांची प्रत्येक कृति त्यांच्या संदेशाच्या पोटांतून निघाली होती. बाबेल देशांत लोक मातीच्या विटांवर लिहीत व नकाशेही काढीत. यहेज्केलानें जी वस्तु लोकांच्या रोजच्या पाहण्यांतली, तीच उचलली. साधन जुनें होतें, योजना नवी होती.

दुसरी गोष्ट, त्यांस विचित्र दिसण्याची हौस नव्हती. भाकर मनुष्याच्या विष्ठेवर भाजण्याची आज्ञा झाली तेव्हां यहेज्केल कळवळला. मीं लहानपणापासून विटाळाचें कांहीं खाल्लें नाहीं, अशी त्यानें विनवणी केली. त्याचें ऐकलें जाऊन त्यास गाईच्या शेणाची मोकळीक मिळाली. गोवऱ्यांवर भाकरी भाजणाऱ्या आमच्या खेड्यांतील मायबहिणींस ही सवलत किती मोठी होती हें निराळें सांगावयास नको. लोकांचे डोळे आपणांकडे वळावे म्हणून सोंग आणणारा मनुष्य असा रडत नाहीं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. त्या नवेपणाची किंमत त्यांनीं स्वतः भरली. यरुशलेमेस शेवटचा वेढा पडला असतां यिर्मया राजाच्या आज्ञेनें पहाऱ्याच्या चौकांत अटकेंत होता. नगर पडणार हें त्याच्याइतकें निश्चित कोणासच ठाऊक नव्हतें. अशा वेळीं त्याचा चुलतभाऊ हनामेल हा अनाथोथ येथील शेत विकत घे म्हणून त्याच्याकडे आला. यिर्मयानें सतरा शेकेल रुपें तोलून दिलें, साक्षीदार बसवून खरेदीखत केलें, आणि तें पुष्कळ दिवस टिकावें म्हणून बारूखाकडून मातीच्या मडक्यांत ठेवविलें. शत्रूच्या टापांखालीं गेलेली जमीन कोणी शहाणा विकत घेईल काय? परंतु या देशांत पुन्हां घरें व शेतें विकलीं व घेतलीं जातील, हें त्याला लोकांस सांगावयाचें होतें. व्याख्यानांत आशेचे शब्द पुष्कळांस उच्चारतां येतात. यिर्मयानें आपल्या गांठीचें रुपें मोजलें.

येथें एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. खोट्या संदेष्ट्यांसही नवीन युक्त्या सुचत. अहाब राजापुढें सिद्कीया नांवाच्या संदेष्ट्यानें लोखंडाचीं शिंगें करून आणिलीं व त्यांनीं तूं शत्रूस हुंदडशील असें राजास सांगितलें. राजा लढाईवर गेला आणि मेला. हनन्यानें तर यिर्मयाच्या मानेवरील जूं सर्वांदेखत मोडलें व दोन वर्षांत बाबेलची सत्ता नाहींशी होईल असें ठासून सांगितलें. लोकांस हा देखावा खास आवडला असेल. यिर्मयानें त्या वेळीं आपली वाट धरली. लांकडाचें जूं मोडून तुम्हीं लोखंडाचें करून घेतलें, हें त्यानें मागाहून सांगितलें. दोघांचींही कृत्यें चमत्कारिक होतीं. पण एक लोकांस हवें तें सांगत होता व दुसरा खरें तें सांगत होता. यास्तव केवळ चमत्कारिकपणा ही खरेपणाची खूण नव्हे, आणि ती खोटेपणाचीही खूण नव्हे.

आपल्या महाराष्ट्रांत या कसोटीस उतरणारीं माणसें झालीं आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला. त्या काळच्या मराठी उपासनेंत परक्या चालींवरील भाषांतरित गीतें पुष्कळ असत. टिळकांनीं अभंग, ओंवी व भजन यांच्या वळणानें शेंकडों गीतें रचिलीं व ख्रिस्ती मनुष्यास आपल्या मातृभाषेच्या लयींत प्रार्थना करावयास दिली. १९१७ सालीं त्यांनीं मिशनचें वेतन सोडलें व संन्यस्त वृत्तीनें राहून ‘देवाचा दरबार’ स्थापिला. उतारवयांत बांधलेली मिळकत सोडणाऱ्यास व्यवहारी लोक काय म्हणतात, हें सर्वांस ठाऊक आहे. १९१९ सालीं ते निवर्तले. दरबारास त्यांचे हात जेमतेम दोन वर्षें लाभले. पंडिता रमाबाई यांनीं केडगांव येथें निराधार स्त्रियांस आश्रय दिला, इतकेंच नव्हे, तर हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून साध्या बायकांस समजेल अशा मराठींत संपूर्ण पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें. १९२२ सालीं मृत्यूपूर्वीं थोडेच दिवस तें काम पुरें झालें. मुक्ति सदनाच्या छापखान्यांत मुलीबायकाच काम करीत. हें भाषांतर मंडळ्यांत सर्वत्र रूढ झालें नाहीं. म्हणून तो प्रयत्न फुकट गेला असें कोण म्हणेल? अनाथोथचें शेतही यिर्मयास कधीं नांगरावयास मिळालें नाहीं.

आतां आमचाच एक दोष कबूल करितों. कांहीं वर्षांपूर्वीं रविवारच्या वर्गांत यिर्मया कुंभाराच्या घरीं गेला तो धडा आम्ही शिकवीत होतों. एका मुलाचा बाप कुंभार होता. तो मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, हा धडा आमच्या घरीं चाकापाशीं घेऊं या कीं.” आम्ही हंसलों, मग वर्गही हंसला. धडा फळ्यावरच झाला. त्या मुलानें पुढें कधीं कांहीं सुचविलें नाहीं, आणि वर्ष सरतां सरतां तो वर्गास येईनासा झाला. पुढें कामानिमित्त एका कुंभारवाड्यांत जाण्याचा प्रसंग आला. चाकावरचें मडकें बिघडलें तेव्हां कुंभारानें तें फेंकलें नाहीं. तोच गोळा दाबून पुन्हां चाकावर चढविला. तो धडा आम्ही इतकीं वर्षें शिकविला, पण आम्हांस कळला तो त्या दिवशीं. तो मुलगा आम्हांस तोच दाखवूं पाहत होता.

यास्तव, विद्यार्थिमित्रांनो, सेवेची एखादी नवी तऱ्हा सुचली तर स्वतःस तीन प्रश्न विचारा. ही तऱ्हा सांगावयाच्या गोष्टींतून निघाली आहे कीं माझ्या मिरविण्याच्या इच्छेंतून? लोकांस ही केवळ गोड लागेल कीं खरी गोष्ट दाखवील? आणि हिची किंमत मीं भरणार कीं दुसऱ्यानें भरावयाची? उत्तरें समाधानकारक असतील तर चार जण हंसले तरी मागें फिरूं नका.

आणि सुज्ञ पालकहो, तुमचें मूल जेवतांना, शेतांत किंवा प्रार्थनेनंतर एखादी विचित्र कल्पना बोलून दाखवील, तेव्हां हंसण्यापूर्वीं त्यास ‘असें कां?’ एवढें एकदां विचारा. आम्हीं तें विचारलें नाहीं.