गुडघा दुखला, म्हणजे संकल्प मोडला काय?

प्रश्न : पुणे–कन्याकुमारी सायकल-सफरीत खंबाटकी घाटातच गुडघा दुखल्याने मला टेम्पोत बसावे लागले. पथकावर भार होण्यापेक्षा पुढल्या खेपेस नावच देऊ नये काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाव अवश्य द्यावे, कारण साथीची गाडी अशाच प्रसंगाकरिता तैनात असते, आणि तीत काही कोस बसणे ही माघार नव्हे. गुडघ्याच्या पुढील बाजूची वेदना ही बहुधा दुर्बलतेची नव्हे, तर सीट खाली असल्याची व जड गिअरचा हट्ट धरल्याची तक्रार असते. म्हणून तळाशी आलेल्या पायडलवर टाच ठेवली असता पाय सरळ होईल इतकी सीट उचलावी, चढावर हलका गिअर घेऊन पाय जलद फिरवावेत, आणि पथकाने आपला वेग सर्वांत मंद स्वाराच्या बेताने ठरवावा. मात्र सूज आल्यास किंवा विश्रांतीतही ठणका राहिल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून सायकलीवर बसू नये.