नादुरुस्त कळ

चौक गावीं पावसाळा सुरू झाला कीं इर्शाळगड दिवसचे दिवस ढगांत दडून राहतो, आणि पुस्तकांचीं पानें, दारांच्या फळ्या, लोखंडी खिळे या सर्वांस दमट हवेची बाधा होते. गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेंतील एका कळफलकास ही बाधा झाली, आणि तिच्यामुळें आमच्या हातून एका विद्यार्थ्यावर अन्याय घडला. तो प्रसंग विद्यार्थ्यांस व पालकांस उपयोगी वाटेल, म्हणून येथें देत आहों.

त्या विद्यार्थ्यानें वार्षिकासाठीं संगणकावर एक निबंध टंकित केला होता. त्यांत 'प्रार्थना' या शब्दाच्या जागीं 'परारथना', 'विद्यार्थी' याच्या जागीं 'विदयारथी' आणि 'अभ्यास' याच्या जागीं 'भयास' असें छापून आलें. आम्हीं त्यास वर्गासमक्ष निष्काळजी ठरविलें. तो कांहीं न बोलतां मान खालीं घालून उभा राहिला. सायंकाळीं तीं पानें पुन्हां चाळतांना एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. चुका पुष्कळ होत्या, परंतु त्या सर्व एकाच जातीच्या होत्या. जोडाक्षरें सुटलीं होतीं आणि 'अ' हें अक्षर कोठेंच नव्हतें.

आमचा कळफलक इन्स्क्रिप्ट मांडणीचा आहे. भारतीय भाषांच्या या मांडणीचा समावेश १९९१ सालच्या आय. एस. १३१९४ या भारतीय मानकांत झालेला आहे. तींत इंग्रजी 'डी'ची कळ नुसती दाबली असतां अक्षराचा पाय मोडण्याचें चिन्ह उमटतें, आणि 'शिफ्ट'सह दाबली असतां 'अ' उमटतो. तेव्हां दोष मुलाच्या बोटांत नसून त्या एका कळेंत असावा, हें उघड झालें.

यांत्रिक कळफलकांत प्रत्येक कळेखालीं स्वतंत्र खटका असतो. जर्मनींतील चेरी कंपनीनें १९८० नंतरच्या दशकांत प्रचारांत आणलेला नमुना आज पुष्कळ ठिकाणीं आढळतो. त्यांत प्लास्टिकचें घर, वरखालीं सरकणारा दांडा, एक स्प्रिंग आणि धातूच्या दोन पाती असतात. एरव्हीं दांडा या पाती अलग ठेवतो. कळ सुमारें २ मिलिमीटर खालीं गेली कीं पाती एकमेकींस टेकतात व वीज वाहूं लागते. कळेचा एकंदर प्रवास सुमारें ४ मिलिमीटरांचा असतो. पातींवर धूळ किंवा गंज साचला तर वीज अडते व अक्षर उमटत नाहीं. कधीं स्पर्श अस्थिर होऊन एकच अक्षर दोनदां उमटतें.

दुरुस्तीचा क्रम असा. प्रथम कळफलकाची तार संगणकापासून काढावी. कळेची टोपी चिमट्यानें सरळ वर ओढावी आणि मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी. नंतर खटक्यांत आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एकदोन थेंब सोडून तो चाळीस-पन्नास वेळां दाबावा, व पूर्ण वाळल्यावरच तार जोडावी. हा द्रव ज्वालाग्राही आहे. जवळपास दिवा किंवा शेगडी नसावी. खोबरेल किंवा रॉकेल मुळींच घालूं नये.

एवढ्यानें न भागल्यास दोष खटक्यांत आहे कीं खालच्या सर्किट बोर्डांत, याची परीक्षा करावी. कांहीं कळफलकांत खटके नुसते खोवलेले असतात. त्यांत संशयित खटका व क्वचित् लागणाऱ्या 'स्क्रोल लॉक'चा खटका यांची, तार पुन्हां काढून, अदलाबदल करावी. बसवितांना टोंकें वांकणार नाहींत अशी काळजी घ्यावी. दोष खटक्याबरोबर नव्या जागीं गेला तर खटका बिघडला; दोष जुन्याच जागीं राहिला तर बोर्ड तपासावा. खटके डाख देऊन बसविलेले असतील, तर हें काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखालींच करावें. डाखांत शिसें असूं शकतें, म्हणून नंतर हात धुवावे.

आमच्या येथें दोष खटक्याबरोबर 'स्क्रोल लॉक'च्या जागीं गेला. तो खटका तेथेंच राहूं दिला. जो आजवर रिकामा बसला होता, तो आतां मराठी जोडाक्षरें जुळवीत आहे. नवें कांहीं विकत घ्यावें लागलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं त्याच वर्गासमक्ष आम्हीं त्या विद्यार्थ्याची क्षमा मागितली. दोष दिला होता तो सर्वांदेखत, म्हणून क्षमाही सर्वांदेखत मागणें प्राप्त होतें. कळेची परीक्षा करावयास आम्हांस अर्धा तास लागला. मुलास दोषी ठरवावयास क्षणही लागला नव्हता. पौल प्रेषितानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १२ व्या अध्यायांत शरीराच्या दुर्बळ भासणाऱ्या अवयवांची गरज सांगितली आहे. पाय मोडण्याच्या चिन्हास स्वतःचा उच्चार नाहीं, तरी तें नसतां 'प्रार्थना' हा शब्दही धड लिहितां आला नाहीं. घरीं मुलाच्या वहींत एकाच जातीच्या चुका वारंवार दिसल्या, तर पालकांनीं रागावण्यापूर्वीं त्यांचें मूळ शोधावें, एवढीच आमची विनंती आहे.